प्रश्न आणि प्रबंध : अहिराणीच्या अभ्यासाच्या निमित्ताने

१

विषय म्हणजे प्रश्न नव्हे. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती मुद्दाम सांगण्याचे कारण पडू नये. तथापि पदव्युत्तर व पीएच. डी.च्या नोंदणीसाठी सादर होणारे आराखडे चाळले असता, पुष्कळ ठिकाणी विषय आहे, क्षेत्र आहे, साधनांची यादीही आहे. परंतु प्रश्न मात्र नाही, असे आढळून येते. 'अमुक बोली : एक अभ्यास' किंवा 'अमुक तालुक्यातील लोकगीतांचे स्वरूप व वैशिष्ट्ये' अशा धर्तीची शीर्षके या उणिवेची पहिली खूण होत. अशा शीर्षकाखाली काहीही येऊ शकते, म्हणूनच काय यावे व काय येऊ नये याचा निर्णय अभ्यासकाला कधीच करता येत नाही. प्रबंध वाढत जातो. पुढे मात्र सरकत नाही.

आराखड्यात 'समस्याविधान', 'उद्दिष्टे' व 'गृहीतके' असे रकाने असतात आणि ते भरलेही जातात. परंतु उद्दिष्टांच्या रकान्यात बहुधा 'अभ्यास करणे', 'आढावा घेणे', 'शोध घेणे' अशी क्रियापदे असतात. ही उद्दिष्टे नव्हेत. ती केवळ करावयाच्या कामांची नावे आहेत. गृहीतकाच्या रकान्यात 'ही बोली समृद्ध आहे' किंवा 'या लोकगीतांतून संस्कृतीचे दर्शन घडते' अशी विधाने असतात. ती खोटी ठरण्याची शक्यता कोणत्याही परिस्थितीत नसते; आणि जे विधान खोटे ठरूच शकत नाही त्याच्या सिद्धीसाठी तीन-चार वर्षे खर्ची घालण्याचे प्रयोजन काय, हे सांगणे कठीण आहे.

संशोधनाचा प्रश्न ओळखण्याची कसोटी साधी आहे. त्या प्रश्नाची एकाहून अधिक उत्तरे खरोखर संभवली पाहिजेत. त्यांपैकी कोणते खरे हे ठरविणारा पुरावा मिळण्याजोगा असला पाहिजे. आणि कोणता पुरावा समोर आल्यास मनात धरलेले उत्तर सोडून द्यावे लागेल, हे काम हाती घेण्यापूर्वीच सांगता आले पाहिजे. यांत चौथी अटही घालावयास हवी : त्या उत्तराने विषयाविषयीची समजूत कोठेतरी बदलली पाहिजे. या चार अटी लावून खानदेशातील एका बहुचर्चित विषयाकडे, अहिराणीच्या अभ्यासाकडे, पाहिले असता प्रश्न बिघडतो कोठे आणि सुधारतो कसा, हे चांगले स्पष्ट होते.

२

अहिराणीविषयी सर्वांत अधिक विचारला गेलेला प्रश्न असा : अहिराणी ही स्वतंत्र भाषा आहे, की मराठीची बोली आहे? या प्रश्नाला शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. ग्रिअर्सनने संपादिलेल्या भारतीय भाषांच्या पाहणीत मराठीसाठी ७ वा खंड (१९०५) स्वतंत्र ठेवण्यात आला. परंतु खानदेशी त्या खंडात न घालता ९ व्या खंडाच्या ३ ऱ्या भागात (१९०७) भिल्ली भाषांसमवेत घालण्यात आली. तिची प्रत्ययव्यवस्था मराठीपेक्षा गुजराती व राजस्थानी यांना अधिक जवळची आहे, ही या वर्गीकरणामागील भूमिका होती. उलट, खानदेशातील व्यवहार, शिक्षण, भक्तिपरंपरा व शब्दसंग्रह यांचा विचार करणाऱ्यांना ती मराठीचीच बोली वाटत आली आहे.

दोन्ही पक्षांजवळ पुरावा आहे, हेच येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. 'माझा भाऊ घरात आहे' हे वाक्य अहिराणीत 'मना भाऊ घरमा शे' असे होते. गुजरातीत 'मारो भाई घरमां छे' असे होते. सप्तमीचा '-मा' आणि 'शे' हे क्रियापद ही गुजरातीकडे बोट दाखवितात. षष्ठीचा '-ना, -नी' हा प्रत्यय आणि 'मी जासू' यासारख्या भविष्यकाळी रूपांतील सकार यांचीही तीच दिशा आहे. परंतु चतुर्थीचा '-ले' ('माले', 'तुले') वऱ्हाडीतही आहे. 'डोळा' याचा 'डोया' होणे, म्हणजे ळकाराच्या जागी यकार येणे, हेही वऱ्हाडीत व पूर्व खानदेशातील लेवा बोलीत आढळते. नित्य व्यवहारातील शब्दांपैकी फार मोठा भाग मराठीशी समान आहे. एक अभ्यासक प्रत्यय मोजतो आणि भाषा स्वतंत्र ठरवितो. दुसरा शब्द मोजतो आणि तिला बोली ठरवितो. वाद मिटत नाही याचे कारण पुरावा अपुरा आहे हे नव्हे. 'भाषा' या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगळा धरला आहे, आणि तो अर्थ कोणत्याही खेडेगावात जाऊन तपासता येत नाही, हे त्याचे कारण होय.

'भाषा' आणि 'बोली' हे भेद भाषेच्या अंगी असलेल्या गुणांचे जितके आहेत त्याहून अधिक ते प्रतिष्ठेचे, लिपिबद्ध वाङ्मयाचे, शाळेचे व शासनाचे आहेत. एखाद्या समाजाने आपल्या बोलण्याला भाषेचा मान मिळावा अशी अपेक्षा बाळगणे सर्वस्वी न्याय्य आहे; परंतु ती मागणी आहे, प्रश्न नव्हे. मागणीला प्रश्नाचे रूप दिले की त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते आणि प्रबंध हा पुराव्यांचा शोध न राहता वकिली कैफियत होतो. विरुद्ध बाजूचा पुरावा तेथे येतो तो खोडण्यासाठी येतो. समजून घेण्यासाठी नव्हे.

म्हणून हा विषय टाकून द्यावा असे मात्र नाही. प्रश्न थोडा वळविला की तोच विषय उत्तम संशोधनाला क्षेत्र पुरवितो. अहिराणी भाषा आहे काय, असे न विचारता, तिला भाषा किंवा बोली कोणी, केव्हा व कोणत्या निकषावर म्हटले, असे विचारता येते. १९०७ च्या पाहणीने वापरलेला नमुना कोणता होता? त्या पाहणीत सर्वत्र बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर, एखादा स्थानिक उतारा व ठरावीक शब्दांची व वाक्यांची यादी मागविण्यात आली होती, आणि ती मुख्यतः जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांमार्फत आली. नेमून दिलेल्या मजकुराच्या भाषांतरात प्रत्यय सापडतात. बाजारातील, शेतातील व भांडणातील बोलणे सापडत नाही. असल्या साधनांनी वर्गीकरणाला कोणते वळण दिले, हा प्रश्न वर दिलेल्या चारही कसोट्यांस उतरतो. साधने छापील आहेत, उत्तरे अनेक संभवतात, आणि उत्तर काहीही आले तरी ते उपयोगी आहे.

३

दुसऱ्या प्रकारचा दोष अधिक सूक्ष्म आहे. तेथे प्रश्न विचारलेला असतो. परंतु त्याच्या पोटात एक न तपासलेले विधान दडलेले असते. अशा प्रश्नाचे उत्तर कितीही परिश्रमाने दिले तरी ते दडलेले विधान जसेच्या तसे राहते, आणि पुढचा अभ्यासक ते सिद्ध झालेले समजून उचलतो.

'बहिणाबाईंच्या काव्यातील अहिराणीचे सौंदर्य' असा विषय घेतला तर हे लगेच दिसून येते. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे माहेर जळगावजवळील असोदे. त्यांच्या गाण्यांत '-ले' आहे, ळकाराचा यकार आहे. आणि एवढ्यावरून ती भाषा अहिराणी असल्याचे वारंवार लिहिले गेले आहे. परंतु ही दोन्ही लक्षणे अहिराणीची एकटीची नाहीत, हे वर आलेच आहे. अहिराणीला वेगळे करणारी लक्षणे म्हणजे षष्ठीचा '-ना', सप्तमीचा '-मा' व 'शे' ही होत. आणि बहिणाबाईंच्या भाषेची घडण यांवर उभी नाही. ती जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या भागातील लेवा बोलीची घडण आहे. म्हणजे विषयाच्या शीर्षकातच एक भाषाशास्त्रीय निर्णय घेऊन टाकला गेला आणि तो चुकीचा होता. सौंदर्याविषयीचे सर्व विवेचन त्यानंतर कितीही मार्मिक झाले तरी ते भलत्याच नावाखाली झाले.

हाच विषय अधिक खोल नेता येतो. बहिणाबाई निरक्षर होत्या. त्यांची गाणी त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी व एक आप्त यांनी टिपून ठेवली. आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मुखातून कागदावर आणि कागदावरून छापखान्यात असा हा प्रवास आहे. तेव्हा 'बहिणाबाईंची भाषा कोणती?' यापेक्षा 'छापील संग्रहात एकाच रूपाचे लेखन किती प्रकारांनी झाले आहे आणि तो फरक कशाशी निगडित आहे?' हा प्रश्न अधिक चांगला. हा फरक यमकाच्या गरजेने येत असेल, तर तो गीताच्या रचनेचा भाग होय. विशिष्ट गाण्यांपुरताच येत असेल, तर तो टिपणाराचा असू शकेल. आवृत्त्यांगणिक बदलत असेल, तर तो मुद्रणाचा किंवा संपादनाचा होय. तीन संभाव्य उत्तरे, तिन्हींचा पुरावा वेगळा, आणि तो पुरावा ग्रंथालयात उपलब्ध! प्रश्न लहान दिसतो. परंतु मौखिक वाङ्मय छापले जाताना त्याचे काय होते, या मोठ्या समस्येचे दार त्याने उघडते.

नावावरून होणारे तर्क हे दडलेल्या विधानांचे दुसरे उदाहरण होय. अहिराणी म्हणजे अहिरांची, अहीर म्हणजे आभीर, आणि आभीरांच्या वाणीला दंडीने 'काव्यादर्शा'त अपभ्रंश म्हटले आहे. सबब अहिराणी ही त्या अपभ्रंशाची थेट वारस होय, अशी ही साखळी आहे. तिची एकेक कडी निरनिराळ्या बळाची आहे. आभीर राजा ईश्वरसेनाचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे, हे खरे. परंतु राजवंशाचे नाव, जातीचे नाव व भाषेचे नाव ही तिन्ही शतकानुशतके एकाच लोकांना चिकटून राहतात, हे गृहीत धरण्यास आधार नाही. आज अहिराणी बोलणारे लोक अनेक जातींचे आहेत. नावाचा इतिहास हा नावाचा इतिहास आहे. तो व्याकरणाचा इतिहास होऊ शकत नाही.

चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शके ११२८ च्या शिलालेखाबद्दलही असेच सावध राहणे अवश्य आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापन केलेल्या मठाला निकुंभ राजांनी दिलेल्या दानाचा तो लेख. त्याचा मोठा भाग संस्कृत आहे आणि शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. तेराव्या शतकाच्या प्रारंभी खानदेशात मराठी बोलली जात होती, असे यावरून एकदम ठरविले जाते. परंतु लेखाला जे विचारता येते तेवढेच त्याने सांगितले आहे. वंशवर्णन व विद्येची प्रशस्ती संस्कृतात, तर मठाला मिळावयाच्या देण्यांचा तपशील देशभाषेत, अशी ही विभागणी आहे. शासनाच्या लेखात देशभाषा कोणत्या व्यवहारासाठी येते, हा प्रश्न या शिलेला विचारता येतो आणि यादवकालीन इतर लेखांशी तुलना करून त्याचे उत्तरही काढता येते. त्या काळी गावातील शेतकरी घरी काय बोलत होता, हे मात्र शिलालेख सांगू शकत नाही. साधनाला न पेलणारा प्रश्न विचारणे हा साधनाचा दोष नव्हे.

जनगणनेच्या आकड्यांनाही हा विचार लागू आहे. जनगणनेच्या तक्त्यांत खानदेशी ही अनुसूचीबाहेरील भाषा म्हणून दाखविली जाते व अहिराणी तिच्या पोटात येते. १९९१ मध्ये खानदेशी भाषिकांची संख्या सुमारे ९ लक्ष ७४ हजार होती. २००१ मध्ये ती सुमारे २० लक्ष ७५ हजार झाली. २०११ मध्ये ती सुमारे १८ लक्ष ६० हजारांवर आली. दहा वर्षांत एका भाषेचे बोलणारे दुपटीहून अधिक होणे जन्मदराने शक्य नाही. आणि ज्या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली त्याच दशकात ते सुमारे १० टक्क्यांनी घटावेत, हेही केवळ मृत्युमानाने घडत नाही. तेव्हा 'अहिराणी भाषिकांची संख्या का घटली?' हा प्रश्न घाईचा आहे. 'का' विचारण्यापूर्वी 'घटले ते काय?' हे विचारले पाहिजे. जनगणना घरात बोललेली भाषा ऐकत नाही. ती विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले उत्तर नोंदविते, आणि नंतर त्या उत्तरांचे गट पाडते. आकडा बोलणारांचा आहे, की आपल्या बोलण्याला 'अहिराणी' असे नाव देणारांचा आहे? हा भेद केला की आकडा निरुपयोगी होत नाही. उलट तो स्वाभिमानाच्या, स्थलांतराच्या व शाळेच्या प्रभावाच्या अभ्यासाचे मोलाचे साधन बनतो.

भौगोलिक मर्यादा हा आराखड्यातील आणखी एक यांत्रिक भाग. 'जळगाव जिल्ह्यातील अहिराणी' अशी मर्यादा घातली की विषय आटोपशीर झाला, असे समजले जाते. परंतु जिल्ह्याची रेषा प्रशासनाने आखलेली आहे. जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले. त्यांचेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले. आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. अहिराणीने यांतील एकाही रेषेची दखल घेतलेली नाही. ती नाशिक जिल्ह्यातील बागलाण, मालेगाव, कळवण या भागांत आहे. आणि जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागात ती विरळ होते. जिल्हा ही प्रवासखर्चाची मर्यादा असू शकते. प्रश्नाची मर्यादा प्रश्नातूनच निघाली पाहिजे.

४

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो धुळ्यात तरी हटकून घेतला जाईल. प्रश्न आधी आणि साधने नंतर, हा क्रम इतिहासाचार्य राजवाडे यांनी कोठे पाळला? गावोगाव हिंडून दफ्तरे गोळा करणे, ती छापणे, आणि मग त्यांतून जे निघेल ते प्रस्तावनेत मांडणे, ही त्यांची रीत होती. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि अशा २२ खंडांचा डोंगर उभा राहिला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले; त्यांच्या मागे त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या धुळ्याच्या संशोधन मंडळाने, आणि शंकर श्रीकृष्ण देव यांच्या सत्कार्योत्तेजक सभेने रामदासी हस्तलिखिते जमवून, हीच संग्रहाची परंपरा चालविली. साधनेच नष्ट होत असताना प्रश्नाच्या शुद्धतेची वाट पाहत बसावे काय?

आक्षेपात तथ्य आहे. बखरीतील कथा खऱ्या मानावयाच्या की समकालीन कागद खरे मानावयाचे, हा प्रश्न राजवाड्यांच्या संग्रहामागे प्रथमपासून होता. कागद का जमवावयाचे, हे त्यांना ठाऊक होते. संग्रह करणारालाही प्रश्न असतोच. फरक इतकाच की तो पुष्कळदा अव्यक्त असतो. आणि जेथे तो अव्यक्त राहिला तेथे राजवाड्यांसारख्या प्रज्ञावंताचीही वाट निसरडी झाली. पाटांगण येथे मिळालेली ज्ञानेश्वरीची प्रत त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे 'ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण' लिहिले. व्याकरण अपूर्व आहे, यात शंका नाही. परंतु त्या प्रतीच्या प्राचीनतेविषयी पुढे अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या. 'ज्ञानेश्वरांची भाषा कशी होती?' या प्रश्नाला मिळालेले उत्तर वस्तुतः 'या एका पोथीची भाषा कशी आहे?' या प्रश्नाचे होते. दोन प्रश्नांतील अंतर लहान दिसते. परंतु पुढच्या सर्व निष्कर्षांचे बळ त्या अंतरावर अवलंबून आहे.

संग्रहाच्या बाबतीत म्हणून एकच नियम पाळावा लागतो. जे जमवावयाचे ते दुसऱ्या कोणाच्या प्रश्नालाही उपयोगी पडेल अशा रीतीने जमवावे. ओव्यांचा, म्हणींचा किंवा शब्दांचा संग्रह करणाराने सांगणाराचे गाव, वय, माहेर, शिक्षण व नोंदीची तारीख लिहून ठेवली तर पन्नास वर्षांनी कोणीही त्या संग्रहाला नवा प्रश्न विचारू शकेल. 'खानदेशातील लोकगीते' एवढ्याच नावाखाली छापलेल्या संग्रहाला तो विचारता येत नाही; कारण गाणे अमळनेरचे की साक्रीचे, हेच तेथे कळत नाही.

५

चांगला प्रश्न बनतो कसा, हे आता एका उदाहरणावरून पाहता येईल. धुळे, पारोळे, एरंडोल, जळगाव, भुसावळ ही गावे एकाच जुन्या रस्त्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे येतात. पश्चिम टोकाला षष्ठीचा '-ना' आणि 'शे' आहे. पूर्व टोकाला लेवा बोलीतील '-चा' आणि 'आहे'चे रूप आहे. मध्ये कोठेतरी एक व्यवस्था संपते आणि दुसरी सुरू होते. येथपर्यंत हा केवळ विषय आहे. येथे समस्या उभी राहते ती अशी : ही दोन्ही लक्षणे एकाच ठिकाणी बदलतात, की '-ना' एका गावापर्यंत पोचतो आणि 'शे' दुसऱ्या गावापर्यंत?

हा प्रश्न का विचारावयाचा, तेही सांगता आले पाहिजे. सर्व लक्षणे एकाच ठिकाणी बदलत असतील, तर तेथे दोन जनसमूहांमधील किंवा दोन बाजारपेठांमधील जुनी सीमा असण्याचा संभव आहे आणि 'अहिराणी' हे एका सुसंघटित व्यवस्थेचे नाव ठरते. लक्षणे निरनिराळ्या ठिकाणी बदलत असतील, तर 'अहिराणी' व 'लेवा' ही दोन टोकांची नावे ठरतात आणि मधला सर्व प्रदेश हा संक्रमणाचा ठरतो. दोन्ही उत्तरे संभवतात; दोहोंचा पुरावा वीस-पंचवीस गावांत काळजीपूर्वक ऐकून मिळू शकतो; आणि कोणतेही उत्तर आले तरी 'भाषा की बोली' या जुन्या वादाची भूमीच बदलते. डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडे केलेल्या मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाने बोलीच्या नावाऐवजी एकेक भाषिक विशेष हा घटक धरला आणि तो गावागणिक कसा आढळतो हे नोंदविले. त्याचे महत्त्व या दृष्टीने मोठे आहे. डॉ. ना. गो. कालेलकर यांनी 'भाषा : इतिहास आणि भूगोल' (१९६४) या ग्रंथाच्या नावातच जोडलेल्या दोन दृष्टी येथे एकत्र येतात.

त्याच प्रश्नाला काळाची दिशा दिली की दुसरा प्रश्न निघतो. एकाच घरातील आजी, सून व नात यांच्या बोलण्यात '-ना', '-मा' व 'शे' यांपैकी कोणते रूप आधी सुटते? 'प्रमाण मराठीचा अहिराणीवर प्रभाव' या नेहमीच्या विषयापेक्षा हा प्रश्न का बरा, ते सहज कळेल. 'प्रभाव' म्हटले की पूर्वी कधीतरी एक शुद्ध, प्रभावरहित अहिराणी होती असे मानावे लागते. आणि तसा काळ कोणी दाखविलेला नाही. उलट रूपांच्या सुटण्याचा क्रम मोजता येतो. शब्द आधी बदलतात आणि प्रत्यय टिकतात काय? टिकत असतील तर कोणते, आणि कोणाशी बोलताना? बाजार समितीत मालाचा भाव करताना, बँकेत अर्ज भरताना आणि लग्नघरात बोलताना एकाच व्यक्तीचे प्रत्यय तेच राहतात काय?

हा प्रश्न स्थानिक असूनही संकुचित नाही, हे दाखविण्यास महाराष्ट्रातीलच एक प्रसिद्ध अभ्यास उपयोगी आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे कन्नड, मराठी व उर्दू बोलणारी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत आली. गम्पर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की तेथे या भाषांची वाक्यरचना परस्परांच्या इतकी जवळ आली आहे की एका भाषेतील वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत नेता येते. भाषांचे वेगळेपण उरले आहे ते मुख्यतः शब्दांत व रूपांत. त्या अभ्यासकांनी 'कुपवाडची मराठी शुद्ध की अशुद्ध?' असे विचारले असते तर त्या गावाची कीर्ती गावाबाहेर गेली नसती. त्यांनी विचारले ते असे की, भाषा एकत्र नांदताना काय एकरूप होते आणि काय वेगळे ठेवले जाते? खानदेशात कदाचित याच्या उलट स्थिती असेल : शब्द मराठीच्या जवळ जात आहेत, आणि वेगळेपण जपले जात आहे ते '-ना' व 'शे' यांसारख्या लहान रूपांत. हे खरे आहे की नाही, हे खानदेशातील विद्यार्थ्याइतके चांगल्या रीतीने दुसरा कोणी पाहू शकणार नाही; कारण माजघरात त्याला परका मानून कोणी आपले बोलणे बदलत नाही.

प्रश्न बारीक करण्याचाही अतिरेक होऊ शकतो, हे येथे सांगितले पाहिजे. एका गावातील '-ना' या प्रत्ययाची शिरगणती हे संशोधन नव्हे. ती ज्या प्रश्नासाठी केली तो प्रश्न तिला संशोधनाची पदवी देतो. विषय फार मोठा असला की पुरावा विरतो, आणि फार लहान असला की अर्थ विरतो. मोठी समस्या मनात ठेवून लहान प्रश्न विचारणे, आणि लहान प्रश्नाचे उत्तर पुन्हा मोठ्या समस्येपाशी नेऊन भिडविणे, हा दुहेरी व्यवहार साधला तरच प्रबंध उभा राहतो.

मार्गदर्शकांचा वाटा यात विद्यार्थ्यांहून कमी नाही. आराखडा मान्य करताना शीर्षक आकर्षक आहे काय, याच विषयावर पूर्वी काम झाले आहे काय, एवढेच पाहिले जाते. त्याऐवजी विद्यार्थ्याला एकच गोष्ट तोंडी विचारावी : 'काय आढळले तर तुझे म्हणणे चुकले असे तू मान्य करशील?' याचे उत्तर त्याला देता आले, तर त्याच्याजवळ प्रश्न आहे. देता आले नाही, तर त्याला क्षेत्रात पाठविण्याची घाई करू नये. आणखी सहा महिने वाचू द्यावे, ऐकू द्यावे. कारण प्रश्न बसल्या जागी स्फुरत नाही. आधीच्या अभ्यासातील विसंगती डोळ्यांत सलू लागली, दोन आकडे परस्परांशी जुळेनासे झाले, किंवा एका गावचे बोलणे पुस्तकातील नियमाविरुद्ध जाताना ऐकू आले, म्हणजे तो उभा राहतो.

६

वाईट प्रश्नाची किंमत केवळ एका प्रबंधापुरती नसते. ज्या गोष्टीविषयी प्रश्न विचारला जात नाही तिची नोंद होत नाही. आणि मौखिक परंपरेच्या बाबतीत नोंद न होणे म्हणजे कायमचे जाणे होय. 'भाषा की बोली' या वादात जी वर्षे गेली त्या वर्षांत पारोळे व एरंडोल यांच्या दरम्यानच्या किती वृद्धांचे बोलणे गावाच्या नावासह नोंदले जाऊ शकले असते, याचा विचार केला म्हणजे प्रश्नाच्या निवडीत केवळ पद्धतीची शिस्त नसून जबाबदारीही आहे, हे कळून येते. जिच्या तोंडी अद्याप तिन्ही रूपे शाबूत आहेत त्या पिढीची वये आता उतरणीला लागली आहेत.

अहिराणीच्या अभिमान्यांनी या शिस्तीला भिण्याचे कारण नाही. भाषेचा मान विशेषणांनी वाढत नाही; तिच्यात विचारण्याजोगे किती आहे हे दाखविल्याने वाढतो. राजवाड्यांनी जेथे देह ठेवला आणि बहिणाबाईंनी जेथे गाणी गायिली त्या दोन जिल्ह्यांना विषयांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो नेमक्या प्रश्नांचा. आणि तो भरून काढण्याचे काम ग्रंथालयात नव्हे, तर आराखड्याच्या पहिल्या पानावर सुरू होते.